तोंड उघडं असताना भाव सांगू नका : डेंटिस्ट डॉक्टरांना एक खुलं पत्र

प्रति,
नाशिकच्या आणि एकूणच महाराष्ट्रातल्या सगळ्या डेंटिस्ट डॉक्टरांना,
आणि महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलच्या साहेबांनाही, कारण शेवटी एक काम तुमच्याकडे पण आहे.

डॉक्टर, नमस्कार.

मी नाशकात सिडकोला टू व्हीलरचं गॅरेज चालवतो, एकवीस वर्षं झाली. शिक्षण आयटीआय. पत्र लिहायची सवय नाही, बायको म्हणाली मोबाईलवर बोलून बोलून टाइप करा, तसंच करतोय, त्यामुळे कुठे वाक्य लांबलं तर सांभाळून घ्या. रागाने लिहीत नाहीये हे आधीच सांगतो. माझी दाढ वाचलीय, आज त्याच बाजूने शेंगदाणे चावतो, काम झकास झालंय. तक्रार कामाची नाही, आणि खरं सांगायचं तर भावाची पण नाही. भाव कधी सांगितला त्याची आहे.

मागच्या गणपतीतली गोष्ट. खालची डावी दाढ, मागून दुसरी. आधी लवंगेचं तेल लावलं, मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या, मेडिकलवाल्याकडून ठणक्याची गोळी आणली, म्हणजे आपल्याकडे सगळे करतात ते सगळं केलं. विसर्जनाच्या आदल्या रात्री असा ठणका लागला की दोन वाजता गॅलरीत फेऱ्या मारत होतो, पार कानापर्यंत सणक. सकाळी जवळच्याच एका क्लिनिकमध्ये गेलो. मॅडम चांगल्या होत्या, शांत बोलणाऱ्या, एक्सरे काढून दाखवला, म्हणाल्या कीड दातातल्या नसेला लागलीय, रूट कॅनॉल करावं लागेल, साडेचार हजार. मी म्हटलं करा. नऊ हजार सांगितले असते तरी करा म्हटलं असतं, रात्रभर न झोपलेला माणूस घासाघीस करत नाही.

तीन सिटिंग झाल्या. तिसऱ्या वेळी मी खुर्चीत आडवा, अर्धा गाल बधिर, तोंडात कापूस, ती पाणी ओढणारी नळी ओठाला अडकवलेली, डोळ्यावर लाइट, आणि मॅडम म्हणतात, काका, आता याच्यावर कॅप बसवावी लागेल, कुठली बसवायची? आणि एक प्लास्टिकचं कार्ड माझ्यासमोर धरलं, त्यावर तीन कॅपचे फोटो. मेटल, सिरॅमिक, झिरकोनिया. मी म्हटलं "आं आं". मला म्हणायचं होतं थांबा जरा. त्यांनी त्याचा अर्थ झिरकोनिया असा घेतला.

कॅप बसल्यावर काउंटरला हिशोब आला तो असा, रूट कॅनॉलचे ४,५००, तीन एक्सरेंचे ७५०, कोर बिल्डअप म्हणून काहीतरी त्याचे १,५००, क्लिनिंगचे १,२०० कारण माप घ्यायच्या आधी दात साफ पाहिजेत म्हणे, आणि कॅपचे ७,५००. बेरीज १५,४५०. माझ्या डोक्यात साडेचार होते, खिशात सहा. बाकीचे बायकोला फोन करून मागवले आणि ते येईपर्यंत काउंटरसमोर उभा राहिलो, मागे चार पेशंट बसलेले, रिसेप्शनची मुलगी नजर चुकवत होती आणि मी पण. डॉक्टर, ती पाच मिनिटं त्या ठणक्याच्या रात्रीपेक्षा मोठी वाटली.

आता तुम्ही म्हणाल, विचारायचं ना आधी. बरोबर आहे. पण काय विचारायचं ते माहीत पाहिजे ना. रूट कॅनॉल म्हणजे सगळं झालं असंच आम्ही समजतो. गाडीचं इंजिन बांधून दिलं म्हणजे आत ऑइलही भरून देणार असं गिऱ्हाईक धरूनच चालतं तसं. मला काय माहीत की रूट कॅनॉल वेगळं, वरचं भरणं वेगळं, टोपी वेगळी.

इथे माझ्याच धंद्याचं एक सांगतो. मेकॅनिक लोकांची अब्रू काय आहे ती मला पाठ आहे. लोक आमच्याकडे गाडी टाकतात ती फसवले जाणार असं गृहीत धरूनच, आणि तुमच्याकडे येतात ते हात जोडून. तरी पण आम्ही कागद करतो. मी सुरुवातीला तोंडीच सांगायचो, अंदाजे एवढे होतील दादा. मग एकदा एका रिटायर्ड मास्तरांना क्लचप्लेटचे अठराशे सांगितले आणि गाडी खोलल्यावर चेन स्प्रॉकेट पण गेलेलं, ते टाकलं, अजून बारीकसारीक, बिल गेलं एकतीसशेवर. सगळं काम खरं होतं, जुने पार्ट पिशवीत घालून दिले त्यांना. मास्तरांनी पैसे दिले, एक शब्द बोलले नाहीत आणि पुन्हा कधी आले नाहीत. भांडले असते तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून आमच्याकडे जॉबकार्ड आहे. गाडी आली की लिहायचं, काय करायचं, पार्टचे किती, लेबर किती, आणि खाली ठळक, खोलल्यावर जास्तीचं काम निघालं तर फोन केल्याशिवाय हात लावणार नाही. फोन नाही उचलला तर गाडी तशीच उभी. जागा अडते, पोरं वैतागतात, पण उभी.

गॅरेजचा एक फायदा असा की सगळ्या धंद्यातली माणसं येतात. एक डेंटिस्ट डॉक्टर आहेत, त्यांची ॲक्टिव्हा माझ्याकडे असते. त्यांना माझा हिशोबाचा कागद दाखवला आणि म्हटलं सर, खरं सांगा, लुटलं का मला? त्यांनी पाच मिनिटं बघितला आणि म्हणाले, नाही. मग चहा घेता घेता जे समजावून सांगितलं ते मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगितलं. म्हणे पुढच्या दाताच्या मुळात बहुतेक वेळा नसेची एकच नळी असते, खालच्या दाढेला तीन, कधी चार, आणि चौथी लपलेली असते. प्रत्येक नळी सुईसारख्या बारीक फाइलने साफ करायची, तिची लांबी मोजायची, धुवायची, मग गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ टोकापर्यंत भरायचा, म्हणून एक्सरे पण दोनतीन लागतात, सुरुवातीला एक, मधे मोजायला एक, शेवटी बघायला एक. त्या फाइली जास्त वापरल्या की आतच तुटतात, तुटली की डॉक्टरच्या पोटात गोळा. रबर डॅम म्हणून एक शीट दाताभोवती लावतात, थुंकी आत जाऊ नये आणि औषध घशात जाऊ नये म्हणून, कुणी लावतं कुणी लावत नाही. अवजारं ऑटोक्लेव्हमधे उकडून घ्यायची, त्याचाही खर्च. आणि आतून पोकळ झालेली दाढ चावताना चिरते, म्हणून मागच्या दाढेला बहुतेक वेळा कॅप लागतेच, ते वाढवून सांगितलेलं नसतं. कॅप डॉक्टर स्वतः बनवत नाही, ती बाहेरच्या लॅबमधून बनून येते, मेटलची सगळ्यात स्वस्त, मेटलवर सिरॅमिक चढवलेली मधली, झिरकोनिया महाग, आणि मागच्या दाढेला, जिथे हसताना दिसत नाही, तिथे साधी मेटलची कॅप पण वर्षानुवर्षं चालते.

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझ्या हातातला चहा थांबला. मेटलची चालली असती. माझी ती दाढ माझ्या बायकोने पण कधी बघितलेली नाही.

मग मी त्यांना म्हटलं सर, हे सगळं पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती, तर हसून म्हणाले, सगळं सांगितलं की पेशंट पळतो. साडेचार सांगितले की बसतो, पंधरा सांगितले की घरी विचारून सांगतो म्हणतो आणि येत नाही. डॉक्टर, मला वाटतं सगळी गाठ इथेच आहे. तुम्हाला भीती की आम्ही पळू. आम्हाला भीती की खुर्चीत बसलं की मीटर सुरू. दोघंही घाबरलेले, आणि मधल्या मधे दाढ सडते.

सडते म्हणजे अक्षरशः सडते. माझ्याकडे एक पोरगा कामाला आहे, चोवीस वर्षांचा. त्याच्या दाढेत छोटा खड्डा होता, काळा ठिपका, गार पाणी लागलं की कळ. मी म्हटलं जा दाखव, तर म्हणाला भाऊ, दातवाल्याकडे गेलं की पाचदहा हजाराचा चुना. कुणी सांगितलं, तर मित्राने सांगितलं. मित्राचं रूट कॅनॉल झालेलं, ह्याला लागणार होतं साधं भरणं, सिमेंट भरून घेतलं असतं तर एका दिवसाच्या पगारात सुटला असता. पण दोन्हीचे भाव त्याला कुठेच दिसत नाहीत ना, म्हणून सगळ्यात मोठा आकडा डोक्यात बसला. आठ महिने गोळ्या खाल्ल्या त्याने. एक दिवस गाल एवढा सुजला की हेल्मेट जाईना. शेवटी दाढ काढावीच लागली आणि आता तिथे फट आहे, वरची दाढ खाली उतरायला लागली म्हणे, आणि ती फट भरायची तर ब्रिज नाहीतर इम्प्लांट, म्हणजे परत नवीन आकडे, आधीच्या दहा पट. भरणं, मग रूट कॅनॉल, मग कॅप, मग काढणं, मग इम्प्लांट, ही शिडी तुम्हाला रोज दिसते डॉक्टर. आम्हाला कुणी दाखवलेलीच नाही. पहिल्या पायरीचा भाव दारावर लिहिलेला असता तर तो पोरगा पहिल्याच पायरीवर आला असता, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

माझ्या आईची पिढी तर वेगळीच. तिच्याकडे एकच इलाज, काढून टाका. दुखलं की काढा. एकेक करत सगळे गेले, आता कवळी आहे, ती पण जेवताना काढून ताटाशेजारी ठेवते कारण सैल झालीय. तिला विचारलं का गं आई सगळे काढलेस, तर म्हणते काढायचे पैसे माहीत असायचे, ठेवायचे किती लागतील कुणी सांगायचं नाही.

हे सगळं डोक्यात होतं म्हणून एका रविवारी मी एक उद्योग केला. क्लिनिंग, म्हणजे तुम्ही ज्याला स्केलिंग म्हणता ते, सगळ्यात साधं काम ना, मग त्याचा भाव विचारायला नाशकातल्या सात क्लिनिकला फोन लावले. दोघांनी लगेच सांगितलं, एकीकडे पाचशे, एकीकडे बाराशे. एक म्हणाले आठशेपासून पुढे, पुढे म्हणजे कुठपर्यंत विचारलं तर डॉक्टर बघतील म्हणाले. तीन ठिकाणी एकच उत्तर, या तर खरं, बघितल्याशिवाय नाही सांगता येणार. आणि सातव्या ठिकाणी मलाच विचारलं, कुठून बोलताय? कशाला पाहिजे? जसं काही मी इन्कमटॅक्सवाला. पाचशे आणि बाराशे यातलं कुठलं बरोबर हा माझा प्रश्नच नाही, दोन्ही बरोबर असतील. ॲक्टिव्हावाले सर म्हणाले की नुसतं वरचं कीटण काढणं वेगळं, हिरडीच्या खाली जाऊन मुळं घासणं वेगळं, त्याला जास्त वेळ लागतो आणि कधीकधी सुन्न करावं लागतं, शिवाय कुणी पॉलिशिंग धरून सांगतं कुणी सोडून. ठीक आहे, मग तेच सांगा ना फोनवर. साधं एवढं, खोलवरचं एवढ्यापासून एवढ्यापर्यंत, पॉलिशिंग धरून. अर्ध्या मिनिटाचं काम. रूट कॅनॉलचा नेमका आकडा फोनवर मिळणार नाही हे मला मान्य आहे, कारण मला पण कुणी फोनवर विचारतं गाडी धूर मारतेय किती खर्च येईल आणि मी पण म्हणतो आणा आधी. पण ऑइल चेंजचा भाव मी झोपेतून उठवलं तरी सांगतो. स्केलिंग तुमचं ऑइल चेंज आहे.

आणि ते फ्री चेकअप. त्याबद्दल जरा बोलू द्या. लेकीच्या शाळेत दातांचा कॅम्प झाला, ती चौथीत होती, घरी चिठ्ठी घेऊन आली, चार दात किडलेले, त्वरित उपचार आवश्यक. चिठ्ठीवरच्या क्लिनिकला गेलो, तिथे सांगितलं चारही दुधाच्या दाढांचं नस काढायचं काम आणि वर स्टीलच्या टोप्या, असे असे पैसे. बायको रडकुंडीला आली की आपण पोरीकडे लक्ष दिलं नाही. मी दुसरीकडे दाखवलं, फक्त एक्सरेसाठी पैसे देऊन. त्या डॉक्टरांनी एक्सरे माझ्यासमोर धरला आणि बोट ठेवून दाखवलं, दोन दाढांना साधं भरणं पुरे, एकीला खरंच नसेचं काम लागेल, आणि चौथी दाढ बघा, खाली पक्की दाढ वर आलीय, ही महिन्यादोनमहिन्यांत आपोआप पडेल, हिच्यावर टोपी बसवून काय करायचं. पडली पण, पोहे खाताना. पहिले डॉक्टर खोटे होते असं मी म्हणत नाही, दोन डॉक्टरांचं मत वेगळं असू शकतं, माझ्या आणि शेजारच्या मेकॅनिकच्या मतात रोज फरक पडतो. पण पहिल्या ठिकाणी एक्सरे मागितला तर तो सिस्टीममधे आहे, देता येत नाही म्हणाले. का देता येत नाही? पैसे मी दिले, दात माझ्या पोरीचे. व्हॉट्सॲपला टाकायला काय जातं?

आता कायद्याचं. हे मला कळत नाही, पण एक वकील गिऱ्हाईक आहेत त्यांनी बसून समजावलं, आणि मी नीट लिहून घेतलंय. एमबीबीएसवाल्या डॉक्टरांसाठी २००२ सालचे आचारसंहितेचे नियम आहेत, त्यात सरळ लिहिलंय की फी क्लिनिकमधे दिसेल अशी लावावी, आणि फी उपचाराआधी सांगावी, उपचार चालू असताना किंवा नंतर नाही. आधी, चालू असताना नाही, हे वाचून मला माझं ते आं आं आठवलं. तुमच्या डेंटिस्ट लोकांची स्वतःची आचारसंहिता पण आहे, २०१४ ची. केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० सालचा, त्याच्या २०१२ च्या नियमांत तर भाव स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत लावा असं आहे आणि त्यात दातांचे दवाखाने पण येतात, पण तो कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे आहे जुना १९४९ चा नर्सिंग होमचा कायदा, त्याच्या नियमांत २०२१ साली बदल झाले आणि हॉस्पिटलांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावायला सांगितली. पण तो खाटा असलेल्यांसाठी. तुमच्याकडे खाट नाही, खुर्ची आहे. म्हणजे खाटेवर झोपलो तर मला भाव कळण्याचा हक्क, खुर्चीत आडवा झालो तर नाही, असं काहीतरी झालंय. वकीलसाहेब म्हणाले तसं नाही, ग्राहक कायद्यात डॉक्टरांची सेवा १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून येतेच, आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ ला रुग्णहक्कांची जी सनद काढली तिच्यातही दर पारदर्शक असावेत असं आहे. असेल. पण मला कोर्टात जायचंच नाही हो. दाढेसाठी कोण कोर्टात जातं? मला भिंतीवर एक कागद पाहिजे.

आणि हा सगळा पैसा आमच्या खिशातला आहे हे पण लक्षात घ्या. माझा मेडिक्लेम आहे, दरवर्षी भरतो, त्यात दाताचं रोजचं काम येत नाही, ॲक्सिडेंटमधे दात तुटला तर काहीतरी मिळेल. बहुतेक पॉलिशा अशाच असतात. म्हणजे गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर मागे कुणीतरी उभं आहे, दातासाठी मी एकटा. त्यात कापडाच्या दुकानासारखा आकडा फिरता असला की माणूस गळून जातो.

साडूचा मुलगा जर्मनीत आहे, इंजिनियर. त्याला कॅप बसवायची होती तर त्याच्या हातात आधी एक छापील प्लान दिला, उपचार काय आणि खर्च किती, इन्शुरन्स किती देणार आणि त्याने स्वतः किती भरायचे. तिकडे कॅप, ब्रिज, कवळी असलं काम असेल तर हा कागद करायचाच असतो, त्याला ते लोक हाइल उंड कोस्टनप्लान म्हणतात, नाव बघा, तोंडात कापूस असल्यासारखंच आहे. तो कागद घेऊन तो घरी आला, दोन दिवस विचार केला, मग हो म्हणाला. इंग्लंडमधे तर सरकारी योजनेतल्या डेंटिस्टकडे भावाचे तीनच पट्टे आहेत, २०२५-२६ साली तपासणीचा पट्टा २७.४० पाउंड होता, भरणं, रूट कॅनॉल, दात काढणं यांचा ७५.३०, कॅप आणि कवळीचा ३२६.७०. लांबून ऐकायला छान, पण तिथे सरकारी डेंटिस्टचा नंबर लागणं हीच मारामारी असते. म्हणून मी सरकारने भाव बांधावेत असं अजिबात म्हणत नाही. उद्या कुणी माझं लेबर बांधलं तर मी पण शटर ओढून घरी बसेन. चार वर्षं बीडीएस, एक वर्ष इंटर्नशिप, पुढे एमडीएस केलं तर अजून तीन, ती खुर्ची, ते मशीन, जागेचं भाडं, हे सगळं बघून तुम्ही तुमचा भाव ठरवा, जास्त ठरवा, कॉलेजरोडचा वेगळा आणि सिडकोचा वेगळा असू द्या. फक्त ठरवलेला दाखवा.

मला काय पाहिजे ते सांगतो. बाहेर बसायच्या जागेत एक बोर्ड, मराठीत. तपासणी, एक्सरे, क्लिनिंग, भरणं, पुढच्या दाताचं आणि मागच्या दाढेचं रूट कॅनॉल, तीन प्रकारच्या कॅप, दात काढणं, अक्कलदाढ काढणं, कवळी. एवढ्याशिवाय आम्ही नव्वद टक्के लोक दुसऱ्या कशाला येतच नाही. नेमका आकडा नको, एवढ्यापासून एवढ्यापर्यंत चालेल, पण वरचा आकडा पण लिहा, नुसतं पासून पुढे नको, पासून पुढे म्हणजे आभाळ. मग तपासून झालं की मला खुर्चीतून उठवा, तोंड धुऊ द्या, टेबलासमोर बसवा आणि एका कागदावर लिहून द्या, आज काय करणार, पुढे काय लागेलच, काय कदाचित लागेल आणि कधी कळेल. रूट कॅनॉल ४,५००, त्यावर भरणं एवढं, कॅप तुमच्या पसंतीने एवढी किंवा एवढी किंवा एवढी, एक्सरे धरून की वेगळे. स्वस्तातला पर्याय तुम्ही स्वतः सांगा, मला विचारायला लावू नका, आम्हाला लाज वाटते विचारायला, खोटं कशाला बोलू. आणि काहीच नाही केलं तर काय होईल तेही सांगा, ऐकून घेतो. मधेच चौथी नळी निघाली, फाइल तुटली, दात चिरलेला निघाला, तर थांबा, कापूस काढा, सांगा. मी नाही म्हटलं तर नाही.

यातला तुमचा तोटा पण मला दिसतोय. पंधरा हजार ऐकून काही पेशंट खरंच पळतील. पळू द्या ना. नाहीतर आज काय होतं, दोन सिटिंग करून, ठणका थांबला की तिसऱ्याला येतच नाहीत, दाढ उघडी ठेवून फिरतात आणि वर्षाने तुमच्याच नावाने खडे फोडतात की रूट कॅनॉल केलं तरी दात गेला. ॲक्टिव्हावाले सर म्हणाले हे त्यांच्याकडे दर महिन्याला होतं. पेशंट लोकांनाही सांगतो, तीस हजाराचा मोबाईल हप्त्यावर घेणारे आपण, भरण्याच्या पैशात घासाघीस करताना जरा आपलंही बघू. पण घासाघीस कुठे होते? जिथे पाटी नसते तिथेच. मिसळीच्या हॉटेलात कुणी भाव करत नाही, भिंतीवर लिहिलेला असतो, परवडत नसेल तर माणूस मुकाट दुसरीकडे जातो. पाटी लावल्यावर माझ्या गॅरेजमधली कटकट निम्म्याने कमी झाली, आणि जे गेले ते तसेही उधारीवालेच होते.

आता कौन्सिलच्या साहेबांना. तुम्ही एवढंच करा की त्या अंदाजाच्या कागदाचा एक साधा नमुना मराठीत बनवा, एका पानाचा, आणि सगळ्या रजिस्टर डॉक्टरांना पाठवा. ज्यांना वापरायचाय ते वापरतील. तुमच्यातल्या बऱ्याच डॉक्टरांच्या डिग्रीवर ज्या आरोग्य विद्यापीठाचं नाव आहे ते आमच्या नाशकातच आहे, म्हसरूळला, १९९८ पासून. त्याच्या कॉलेजांत मुलांना नळ्या मोजायला शिकवतात तसं हा कागद भरायला पण एखाद्या तासाला शिकवायला सांगा. केंद्राने १९४८ च्या डेंटिस्ट ॲक्टच्या जागी २०२३ ला राष्ट्रीय दंत आयोगाचा नवीन कायदा पास केला, त्यात प्रायव्हेट कॉलेजातल्या निम्म्या जागांच्या फीसाठी मार्गदर्शक सूचना करायची सोय आहे असं वकीलसाहेब म्हणाले. चांगलं आहे. तिथे मुलाच्या बापाला ॲडमिशनच्या आधी फी कळते. इथे मला कॅप बसल्यावर कळली.

एक राहिलं. माझी वरची उजवी दाढ आता गार पाण्याने झिणझिणायला लागलीय. त्या पोरासारखा आठ महिने थांबणार नाही, गुरुवारी संध्याकाळी सातची अपॉइंटमेंट घेतलीय, त्याच मॅडमकडे, कारण काम चांगलं करतात. जाताना गॅरेजचं एक कोरं जॉबकार्ड सोबत नेतोय. गाडी नंबरच्या जागी वरची उजवी असं लिहून ठेवलंय, पार्ट आणि लेबरचे रकाने रिकामे आहेत. मॅडम, हे वाचत असाल तर मी तोंड उघडायच्या आधी तेवढे भरून द्या.

आपला,
सिडकोतला एक गॅरेजवाला
(खालची डावी, मागून दुसरी, झिरकोनिया)